नियम आणि तारतम्य: तुरुंगातील नोकरीविषयी एका प्रश्नाचे उत्तर

तुरुंग अधिकारी श्रेणी दोन या पदावर नुकतीच निवड झालेल्या एका उमेदवाराने तीन गोष्टी विचारल्या आहेत. कारागृहात प्रत्यक्ष काम करताना नियमपुस्तक धरून चालावे की समोरचा माणूस पाहून वागावे? कनिष्ठ अधिकाऱ्याला स्वतःच्या बुद्धीने ठरवण्याची मुभा खरोखर किती असते? आणि ती वापरताना आपल्या हातून कर्तव्य होते आहे, मेहेरबानी होते आहे की अन्याय, हे ओळखायचे कसे? महाराष्ट्रातील जिल्हा आणि मध्यवर्ती अशा दोन्ही प्रकारच्या कारागृहांत माझी नोकरी झाली. तिच्या आधारे उत्तर देतो.

मुभा भरपूर असते. कागदावर दिसते त्याहून ती कितीतरी जास्त असते आणि सर्वांत जास्त ती सर्वांत खालच्या पदावर असते. अधीक्षकांचे अधिकार नियमांत लिहिलेले असतात, त्यांना मर्यादा असतात आणि त्यांच्यावर अपील होऊ शकते. बराकीच्या दारावर उभ्या असलेल्या शिपायाचे अधिकार कुठेच लिहिलेले नसतात. तरीही आजारी बंद्याची, म्हणजे कैद्याची, हाक पहिल्यांदा ऐकायची की चौथ्यांदा, हे तोच ठरवतो. म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना एकच कसोटी सांगत आलो. जी सवलत किंवा जी सक्ती तुम्ही त्याच दिवशी, वेळ आणि कारण घालून, स्वतःच्या अक्षरात नोंदवहीत लिहू शकता, ती तारतम्यात बसते. जी लिहायला हात धजत नाही, तिच्याकडे पुन्हा एकदा पाहावे. ही कसोटी सर्वत्र पुरत नाही; ती कुठे पुरत नाही तेही पुढे सांगतो.

ही मुभा मुळात निर्माण का होते, हे आधी समजून घ्यायला हवे. कारागृह अधिनियम १८९४ च्या कलम ४५ मध्ये कारागृहातील अपराधांची यादी आहे. त्यात मनाई असलेली वस्तू जवळ बाळगणे आहे, अपमानकारक भाषा आहे, आजाराचे सोंग आहे, कामातील हयगय आहे आणि बेशिस्त वर्तनही आहे. ही यादी शब्दशः लावायची ठरवली, तर संध्याकाळपर्यंत अख्खी बराक शिक्षेच्या नोंदवहीत जाईल. त्यात गर्दीची भर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते आणि मान्य क्षमतेच्या तुलनेत हे प्रमाण १३१ टक्क्यांच्या पुढे होते. मुंबई मध्यवर्ती कारागृहाची मान्य क्षमता हजाराच्या आत आहे आणि तिथे तीन हजारांहून अधिक बंदी राहिलेले आहेत. अशा ठिकाणी रात्रपाळीचा एक शिपाई सगळे नियम सगळ्यांना लावूच शकत नाही. ‘मी फक्त नियमाप्रमाणे वागतो’ असे म्हणणारा अधिकारीसुद्धा कोणता नियम, कोणाला आणि केव्हा लावायचा याची निवड रोज करत असतो. ती निवड त्याने स्वतःशी कबूल केलेली नसते, एवढाच त्याच्यात आणि इतरांत फरक.

झडतीचे उदाहरण घ्या. पहाटे बराक उघडून अचानक झडती घेतली की वळकट्या उलगडल्या जातात, चादरींच्या शिवणी चाचपल्या जातात, साबणाच्या वड्या मधोमध कापून पाहिल्या जातात, चपलांचे तळ वाकवून बघितले जातात आणि संडासाच्या टाकीत हात घातला जातो. समजा, त्यात तीन वस्तू सापडल्या: कोर्टाच्या तारखेहून परतताना कोणीतरी आणलेली तंबाखूची पुडी, दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा आणि एक सिमकार्ड. पुडी जप्त करून ताकीद देणे हे तारतम्य आहे आणि त्यासाठी कायद्यात जागाही आहे. कलम ४६ मध्ये शिक्षांची जी उतरंड आहे, तिची पहिली पायरी औपचारिक ताकीद हीच आहे. अधीक्षकांनी ती बंद्याला समक्ष द्यायची असते आणि तिची नोंद शिक्षेच्या नोंदवहीत व्हायची असते. आपल्याकडे ही पायरी सर्वांत कमी वापरली जाते. एकतर काहीच नाही, नाहीतर थेट मुलाखत (नातेवाइकांची भेट) बंद किंवा माफीत (शिक्षेतून मिळणाऱ्या सुटीत) कपात, अशी सवय लागलेली दिसते. ब्लेडच्या बाबतीत आधी बंद्याशी बोलावे लागते, कारण तो तुकडा भांडणासाठी ठेवलेला आहे की स्वतःच्या मनगटासाठी, यावर पुढची कारवाई ठरते. दुसऱ्या शक्यतेत शिक्षेपेक्षा डॉक्टर आणि रात्रीची सोबत जास्त गरजेची असते. सिमकार्डाच्या बाबतीत तारतम्याला वावच नाही. त्याचा पंचनामा होतो आणि पोलिसांकडे फिर्याद जाते.

खरा पेच सिमकार्डाच्या नोंदीत असतो. ते ज्याच्या उशीखाली सापडले त्याचे नाव ठाऊक असूनही ‘बेवारस स्थितीत मिळून आले’ असे लिहिण्याचा मोह होतो. नाव लिहिले की चौकशी येते, साक्ष येते, आत मोबाइल आला कसा या प्रश्नाचा रोख आपल्याच माणसांकडे वळतो. बेवारस लिहिले की प्रकरण तिथेच मिटते. तंबाखूच्या पुडीचेही तसेच. पुडी एखाद्या पोरसवदा पाकीटमाराकडे सापडली तर दोन थपडा आणि टोळीतल्या वजनदार माणसाकडे सापडली तर ‘काय भाई, हे काय’ असे हसून सोडणे, हे बराकीतले शंभर डोळे पाहत असतात. अधिकाऱ्याच्या वागण्यातला कडकपणा बंदी सहज पचवतात. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे, हे ते विसरत नाहीत. आणि बराकीत अशांतता झाली की तिची मुळे बहुधा अशाच एखाद्या झडतीत सापडतात.

मुलाखतीच्या खिडकीवर हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. तिथे सक्तीपेक्षा दया अडचणीत टाकते. नंदुरबारकडच्या पाड्यावरून रात्रभर एसटीने प्रवास करून आलेली बाई, कडेवर लहान मूल, नाव नोंदवण्याची वेळ अर्ध्या तासापूर्वी संपलेली आणि आधार कार्डावरचे आडनाव माहेरचे, त्यामुळे नाते जुळत नाही. आत न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेला, तिचा नवरा सकाळपासून वाट पाहतो आहे. अशा वेळी नकार देणारा शिपाई नियमाने बरोबर असतो आणि त्याला कोणी जाब विचारणार नसतो. तरी माझे मत असे की अशी मुलाखत घडवून आणावी, मात्र शिपायाने परस्पर नव्हे. वरिष्ठ तुरुंग अधिकाऱ्यांमार्फत अधीक्षकांची मान्यता घ्यावी. बंद्याच्या प्रवेशाच्या वेळी नोंदलेल्या नातेवाइकांच्या तपशिलाशी पत्नीचे नाव आणि गाव ताडून पाहावे. बंद्यालाही दोन प्रश्न विचारावेत. आणि मुलाखतीच्या नोंदवहीत ‘लांबचा प्रवास, उशिरा आगमन, ओळख अभिलेखावरून पटवली, अधीक्षकांच्या आदेशाने’ एवढे लिहावे. त्या एका ओळीमुळे पुढच्या वेळी चंद्रपूरहून उशिरा पोहोचणाऱ्या म्हाताऱ्यालाही तीच वागणूक मागता येते. ओळ न लिहिता खिडकी उघडली, तर बाहेर रांगेत उभे असलेले लोक एवढाच अर्थ काढतात की इथे ‘सांगून’ काम होते. मग पुढच्या आठवड्यात कोणीतरी ते सांगायला दोनशे रुपये घेऊन येते.

तिसरा प्रसंग नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच महिन्यात गाठतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. संध्याकाळी उशिरा पोलीस पार्टी न्यायालयातून नवीन बंदी घेऊन येते. वॉरंट व्यवस्थित असते. कपडे उतरवून अंगझडती घेताना तळपायांवर, पाठीवर वळ दिसतात. विचारले तर तो पार्टीतल्या हवालदाराकडे पाहतो आणि ‘पडलो’ म्हणतो. हवालदार घड्याळ दाखवतो. त्याला परत जायचे असते, आणि तो सहजपणे म्हणतो, ‘घेऊन टाका साहेब, कोर्टाने पाहिलंय.’ कलम २४ प्रमाणे नव्या बंद्याची वैद्यकीय तपासणी शक्य तितक्या लवकर करून त्याच्या अंगावरील जखमा आणि खुणा यांची नोंद करायची असते. इथे पोलिसांशी असलेले रोजचे संबंध आड येतात. उद्या आपल्याच बंद्याला रुग्णालयात न्यायला गार्ड त्यांच्याकडूनच मागायचा असतो, हे दोघांनाही माहीत असते. तरीही पार्टी समोर असतानाच डॉक्टरांना बोलवावे, प्रत्येक वळाची जागा आणि रंग लिहून घ्यावा, गंभीर असेल तर आधी शासकीय रुग्णालयात पाठवावे आणि न्यायालयाला कळवावे. यात नीतीबरोबर स्वसंरक्षणही आहे. रात्री नोंद न झालेला वळ दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या कारागृहात झालेला वळ ठरतो, आणि दुर्दैवाने त्या बंद्याचे काही बरेवाईट झाले तर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला जाणारा अहवाल आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी या दोन्हींत पहिला प्रश्न प्रवेशाच्या नोंदीबद्दलच विचारला जातो.

मृत्यूची बातमी देणे हे काम कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले मी पाहिले नाही. दुपारी चारच्या सुमारास फोन येतो की अमुक बंद्याची आई गेली. तासाभरात मोजदाद होऊन बराकी बंद होणार असतात आणि एकदा बंद झाल्यावर त्या आणीबाणीशिवाय उघडत नाहीत. लगेच सांगितले तर तो रात्रभर कोंडलेला राहणार. सकाळी सांगितले तर पुढे कधीतरी त्याला कळणारच की तुम्हाला आदल्या दिवशी माहीत होते, शिवाय मधल्या काळात अंत्यविधी उरकलेला असणार. सिद्धदोष बंदी असेल, तर जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी तातडीची अभिवचन रजा (पॅरोल) देण्याचा अधिकार अधीक्षकांना आहे आणि वेगाने हालचाल केली तर काही साधते. न्यायाधीन असेल, तर न्यायालयाच्या परवानगीवाचून तुम्ही त्याला दाराबाहेर पाऊल टाकू देऊ शकत नाही. आणि फोन शनिवारी आलेला असतो. देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन आहेत हे लक्षात घेतले, तर हा पेच अपवादाचा नाही.

माझे मत असे की त्याच दिवशी सांगावे. बराकीत सर्वांसमोर नको, शिपायाकरवी नको. कार्यालयात बसवून, पाणी देऊन, अधिकाऱ्याने स्वतः सांगावे, आणि त्याच्या गावचा किंवा त्याच्याशी मिळून असणारा एखादा बंदी त्या वेळी शेजारी असावा. घरच्यांशी दूरध्वनीवर बोलणे करून द्यावे. ठरलेल्या आठवड्यातले त्याचे फोन संपलेले असले, तरी हा जादा फोन अधीक्षकांच्या मान्यतेने लिहून देता येतो. त्या रात्री त्याला ‘शांतता मिळावी’ म्हणून एकट्या कोठडीत हलवण्याचा विचार चांगल्या हेतूने सुचतो आणि तो धोकादायक असतो. माणसांतच ठेवावे, पहाऱ्यावरच्या शिपायाला स्पष्ट सांगावे आणि पहाटेपर्यंत किती वेळा पाहिले ते लिहून घ्यावे. न्यायालयाकडे अर्ज मात्र त्याच संध्याकाळी तयार व्हायला हवा. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी दंडाधिकारी असतात. ‘सोमवारी बघू’ हे वाक्य आपल्या सोयीचे असते.

काही प्रसंगांत नियम काहीच बोलत नाही आणि त्या शांततेचा अर्थ आपण नेहमी ‘नाही’ असा लावतो. याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालेले आहे, आणि तेही आपल्याच राज्यातील प्रकरणात. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. त्यांनी तुरुंगात परवानगी घेऊन मराठीत अणुविज्ञानावर पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवू द्यावे ही त्यांची विनंती मात्र नाकारली गेली. नाकारणाऱ्यांचा युक्तिवाद असा की अशी परवानगी देणारा नियमच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तलिखित पाठवायला सांगितले आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला: मनाई करणारी तरतूद दाखवा, ती नसेल तर कारागृहाला अडवता येणार नाही. अणुविज्ञानाच्या पुस्तकाने कोणाची सुरक्षा धोक्यात येणार होती हा प्रश्न कोणीतरी कार्यालयातच विचारला असता, तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले नसते. आज हस्तलिखितांची जागा परीक्षेच्या अर्जांनी, धार्मिक पुस्तकांनी आणि चष्म्यांनी घेतली आहे. बंद्याने मागितलेल्या वस्तूला नकार देताना कोणत्या नियमाने नकार दिला तो क्रमांक लिहायची सवय लावून घ्या. अर्धे नकार क्रमांक शोधतानाच गळून पडतात.

आता सर्वांत धोकादायक मुभेविषयी. ती आपण स्वतः वापरत नाही, बंद्यांना वापरायला देतो. मनुष्यबळ कमी असल्यामुळे सिद्धदोष बंद्यांतून वॉर्डर आणि रात्रपहारेकरी नेमले जातात. अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे असे नेमलेले बंदी लोकसेवकच समजले जातात. स्वयंपाकघर, शिधावाटप, झोपायच्या जागा, पाण्याची पाळी, हे सगळे प्रत्यक्षात त्यांच्या हातून चालते. त्यांच्यावर विसंबल्याशिवाय एकही कारागृह चालत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या तुरुंगाचा अभ्यास करणाऱ्या ग्रेशम साइक्स या समाजशास्त्रज्ञाने १९५८ मध्येच दाखवले होते की, ज्यांच्यावर आपला पूर्ण ताबा आहे असे पहारेकऱ्यांना वाटते त्यांच्याच सहकार्यावर त्यांचा दिवस अवलंबून असतो, आणि ते सहकार्य थोडी डोळेझाक करूनच विकत घेतले जाते. आपल्याकडे भिंतीकडेला पंख्याखाली कोण झोपतो आणि संडासाच्या दाराशी कोण, एवढे एका रात्री पाहिले तरी बराक कोण चालवतो ते कळते.

भायखळा महिला कारागृहात जून २०१७ मध्ये वॉर्डर म्हणून काम करणाऱ्या मंजुळा शेट्ये या सिद्धदोष बंदिनीचा मृत्यू झाला. शिध्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरल्याच्या वादातून तिला मारहाण झाली, असा आरोप आहे आणि सहा कर्मचारी महिलांवर खुनाचा खटला दाखल झाला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. त्यावर मी बोलणार नाही. मात्र या घटनेकडे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले, तर शिधा कमी भरला ही साधी हिशेबाची बाब होती आणि तिच्यासाठी शिध्याच्या नोंदवहीत एक ओळ पुरेशी होती. ज्या यंत्रणेत वॉर्डरचा अधिकार तोंडी असतो, तिथे त्याची चूकही तोंडी ठरते आणि तिची शिक्षाही तोंडीच होते. वॉर्डरला काय करता येईल आणि काय नाही हे लेखी द्या, ते बराकीत वाचून दाखवा आणि त्याच्याविरुद्ध तक्रार घेण्यासाठी त्याला वगळून जाणारा मार्ग ठेवा. तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्याच्याकडे असलेली मी पाहिली आहे.

कामाच्या वाटपात जात कशी शिरते याबद्दल आपल्या खात्यात फारसे बोलले जात नाही. सफाईचे काम कोणाच्या वाट्याला येते आणि स्वयंपाकघरात कोण जातो, हे वर्षानुवर्षे ‘ज्याला जे येते’ या नावाखाली चालत आले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. भटक्या-विमुक्तांना जन्माने सराईत गुन्हेगार मानण्याच्या वृत्तीवरही त्या निकालात बोट ठेवलेले आहे. रकाना गेला तरी आडनाव राहतेच. म्हणून कामवाटपाची यादी पाळीने फिरती ठेवणे आणि तीन महिन्यांच्या याद्या शेजारी ठेवून पाहणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

काही गोष्टींना तारतम्य समजण्याची चूक करू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, देहदंड किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले बंदी वगळता, न्यायाधीन बंद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, किंवा पूर्वी कधीच दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश काळ आत काढला, की अधीक्षकांनी ताबडतोब न्यायालयाला लेखी अर्ज करायचा असतो. बंद्याने मागणी करण्याची गरज नाही, त्याची वागणूक चांगली होती का हे पाहायचे नाही. ज्याला वकील नाही आणि ज्याची मुलाखत येत नाही त्याचेच दिवस कोणी मोजलेले नसतात, म्हणून तुमच्या सर्कलची (तुमच्याकडे सोपवलेल्या कारागृहाच्या विभागाची) ती यादी दर महिन्याला स्वतः तपासा.

बळाचा वापर आणि सहकाऱ्याविषयीचे मौन या बाबतीत तुमची खरी परीक्षा होते. दंगा शमवण्यासाठी, हल्ला थोपवण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरावेच लागते आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. दंगा शमल्यानंतर, बंदी खाली बसल्यावर पडलेली काठी ही मात्र शिक्षा असते, आणि शिक्षा देण्याचा अधिकार कायद्याने अधीक्षकांना आहे, तुम्हाला किंवा मला नाही. ही सीमा ओलांडणारा बहुतेक वेळा तुमचा शेजारी असतो, कारण आपण सारे एकाच वसाहतीत राहतो, मुले एकाच शाळेत जातात. सुनील बत्रा यांच्या दुसऱ्या प्रकरणात, १९७९ साली, तिहारमधील एका वॉर्डरने (हा बंदी नव्हे, पगारी कर्मचारी) पैशासाठी बंद्याचा अमानुष छळ केल्याचे दुसऱ्या एका बंद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्राने कळवले. ते पत्रच याचिका म्हणून चालवले गेले. पत्र लिहिणारे बत्रा स्वतः फाशीची शिक्षा झालेले होते. दुखापत पडल्यामुळे झाली, त्याने स्वतः करून घेतली किंवा ती मूळव्याधीची आहे, अशी स्पष्टीकरणे त्या वेळी पुढे आली. त्या कारागृहात तुमच्या-माझ्यासारखे पगारी अधिकारी होते. त्यांच्यापैकी कोणाच्या नोंदीवरून हे उघड झाले नाही. तुमच्यासमोर असे घडले तर सहकाऱ्याचा हात धरून त्याला बाजूला नेणे हे पहिले काम, बंद्याला डॉक्टरांकडे पाठवणे हे दुसरे आणि त्याच पाळीत लेखी अहवाल देणे हे तिसरे. पहिली दोन कामे करून तिसरे टाळणारे पुष्कळ भेटतात आणि ते वाईट लोक नसतात. परिणाम एवढाच होतो की पुढच्या वेळी हात धरायला कोणी तिथे असेलच असे नाही.

वरून येणाऱ्या तोंडी आदेशांचेही असेच. ‘त्याला अंडा सेलमध्ये (अतिसुरक्षेच्या कोठडीत) टाका’, ‘अमक्याची मुलाखत आज नको’, असे आदेश फोनवर येतात. वाद घालू नका. आदेश पाळण्यासारखा असेल तर पाळा आणि दैनंदिनीत ‘अमुक वाजता दूरध्वनीवरील तोंडी आदेशानुसार’ असे लिहून तो लेखी मिळण्याची विनंती त्याच दिवशी पाठवा. अशी नोंद होते हे एकदा कळले की तोंडी आदेशांची संख्या आपोआप घटते. तुमच्याबद्दलचे मत थोडे बिघडते. बदलीही होऊ शकते. ती किंमत नाही असे मी म्हणणार नाही.

भेटवस्तूंवर फार लिहिण्याची गरज नाही. बंद्याशी कोणताही आर्थिक व्यवहार करू नये हे कारागृह अधिनियमाचे कलम ९ सांगते. त्यातील कलम ५४ ची शिक्षा कमाल तीन महिने कैद, दोनशे रुपये दंड किंवा दोन्ही एवढीच असली, तरी पुढे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा उभाच आहे. सुरुवात पैशाने होत नाही. तुमच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळत नाही हे बंद्याच्या नातेवाइकाला कुठूनतरी कळलेले असते आणि तो न मागता मदत करतो. त्याच दिवशी वरिष्ठांना कळवून स्वतःला त्या सर्कलवरून बदलून घेणे हाच उपाय आहे.

आता वर सांगितलेली कसोटी कुठे पुरत नाही ते. खबर देणाऱ्या बंद्याचे नाव सर्वसाधारण नोंदवहीत कधीही लिहू नका. त्या वह्या लिहायला आणि उचलायला बंदीच मदतनीस म्हणून बसतात, आणि नाव फुटले तर त्या माणसाचा जीव जाऊ शकतो. एचआयव्हीबाधित बंद्याच्या आजाराची गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केली आहे. ‘काळजीपोटी’ बराकीच्या वॉर्डरला सांगणे हासुद्धा भंगच आहे. एखाद्याने आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर तो डॉक्टर आणि समुपदेशकांच्या कागदावर जावा, बराकीच्या फळ्यावर नव्हे. अशा बाबी मोहोरबंद लिफाफ्यात अधीक्षकांकडे जातात, म्हणजे त्या लिहिल्या जातात, फक्त वाचणारे हात मोजके असतात. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे: नोंदवही खोटीही लिहिता येते, आणि सुंदर अक्षरात लिहिता येते.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम करा. गेल्या वर्षाची शिक्षेची नोंदवही मागून घ्या आणि कोणाची नावे वारंवार येतात, कोणाची कधीच येत नाहीत, ते पाहा. मग कारागृह रुग्णालयाची बाह्यरुग्ण नोंदवही तिच्या शेजारी उघडा आणि ‘न्हाणीघरात पाय घसरून पडला’ अशा नोंदी शोधा. त्या तारखा पाळीपत्रकाशी जुळवून पाहा. न्हाणीघर सर्वांसाठी सारखेच निसरडे असते. एखाद्याच अधिकाऱ्याच्या पाळीत बंदी जास्त वेळा घसरत असतील, तर तुमच्या कारागृहात तारतम्य कोणाच्या हातात आहे ते तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही. ती पाळी कोणाची आहे हे कळल्यावर तुमची ड्यूटी त्याच्याबरोबर लागली, तर बदलून मागू नका.